घरगुती ऑटोमेशनचा सर्व्हर: कमी खर्चात योग्य यंत्र कसे निवडावे

टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, हौदात पाणी नसेल तर ती सुरूच होऊ नये, पहाटे ठरलेल्या वेळी गिझर लागावा आणि अर्ध्या तासाने बंदही व्हावा, घरची मंडळी गावी गेलेली असताना अंधार पडताच जिन्यातला दिवा लागावा: सांगली-मिरजेतल्या कुटुंबाच्या घरगुती ऑटोमेशनकडून अपेक्षा साधारण अशा असतात. यासाठी बाजारात मिळणारे बरेचसे स्मार्ट स्विच कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर विसंबून चालतात, प्रत्येक कंपनीचे अ‍ॅप निराळे असते आणि इंटरनेट बंद पडले की साधी कामेही अडतात. ही सगळी उपकरणे एकत्र जोडून निर्णय घरातल्या घरात घेणारा छोटा सर्व्हर बसवला, तर ही अडचण दूर होते. त्यासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे होम असिस्टंट. पॉलस स्काउटसन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली मोफत आणि मुक्तस्रोत असून २०२४ पासून ती ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. प्रणालीला पैसे पडत नसल्यामुळे सर्व्हरचा जो काही खर्च आहे तो यंत्राचा आणि त्या यंत्राला लागणाऱ्या विजेचा.

यंत्र निवडताना बहुतेक जण प्रोसेसरच्या वेगापासून सुरुवात करतात. माझे ठाम मत असे आहे की या कामासाठी वेग हा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा विषय आहे. आधी दोन प्रश्न विचारावेत: यंत्र स्वस्थ बसलेले असताना किती वॅट वीज घेते, आणि वीज जाऊन परत आल्यावर ते कोणीही हात न लावता पुन्हा सुरू होते का? या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर बाकीच्या गोष्टी जुळवून घेता येतात. ती नसतील, तर फुकट मिळालेले यंत्रही वर्षभरात महाग पडते.

काम किती जड आहे

दाराचा सेन्सर, टाकीतील पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर, चार-दोन स्मार्ट प्लग आणि पाच-सहा दिवे यांच्याकडून येणारे संदेश अगदी छोटे असतात. ते वाचायचे, ठरवून दिलेला नियम लागू होतो का ते पाहायचे आणि उत्तरादाखल एखादा आदेश पाठवायचा, एवढेच सर्व्हरचे काम असल्यामुळे प्रोसेसर दिवसाचा बहुतेक वेळ रिकामाच असतो. होम असिस्टंटची स्वतःची कार्यप्रणाली चालवण्यासाठी २ जीबी मेमरी आणि ३२ जीबी साठवण ही किमान गरज मानली जाते. ४ जीबी मेमरीत साधे घर आरामात चालते. ८ जीबी असेल तर पुढची काही वर्षे विचार करावा लागत नाही.

नेहमीच्या वापरात प्रोसेसरला खरा ताण पडतो तो एकाच प्रसंगी. ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ या स्वस्त वायफाय चिपांवर आपले स्वतःचे सेन्सर बनवणारे पुष्कळ जण ईएसपीहोम हे चिपचा प्रोग्रॅम तयार करणारे साधन वापरतात, आणि त्यात प्रत्येक बदलानंतर चिपसाठीचा प्रोग्रॅम नव्याने तयार करावा लागतो. लहान बोर्डावर याला कित्येक मिनिटे लागू शकतात, तर डेस्कटॉप वर्गातल्या प्रोसेसरवर तेच काम बऱ्याच कमी वेळात उरकते. टाकीचा सेन्सर स्वतः बनवण्याचा विचार असेल, तर ही बाब लक्षात ठेवावी.

एक अट मात्र कडक आहे. यंत्र ६४-बिटचे असलेच पाहिजे, कारण २०२५च्या अखेरीस होम असिस्टंटने ३२-बिट यंत्रांचा पाठिंबा काढून घेतला. त्यामुळे जुनी अ‍ॅटम प्रोसेसरची नेटबुके कितीही स्वस्त मिळाली तरी विचारात घेऊ नयेत. नेहमीच्या संगणकावर ही प्रणाली बसवायची तर त्याचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, यूईएफआय या नव्या प्रकारचे असावे लागते आणि त्यातील सिक्युअर बूट ही अनोळखी प्रणाली अडवणारी सोय बंद करावी लागते. साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक यंत्रांत ही सोय असते.

वॅटचा हिशेब

हा सर्व्हर वर्षभर अखंड चालणार असल्यामुळे एक आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे: सतत घेतला जाणारा १ वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. १० वॅटचे यंत्र वर्षाला ८७.६ युनिट घेते आणि ६० वॅटचे यंत्र ५२५.६ युनिट. फरक झाला ४३८ युनिटांचा. आपल्या वीजबिलात सर्वांत वरच्या टप्प्यातील युनिटला, वहन आकार व इतर आकार धरून, जो दर पडतो त्याने या फरकाला गुणावे. हिशेबाच्या सोयीसाठी तो १० रुपये धरला, तर जुना डेस्कटॉप चालवण्याचा जादा खर्च वर्षाला ४,३८० रुपये होतो.

येथे महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे आणि १०१ ते ३०० या टप्प्यातील युनिटांचा दर त्यापेक्षा बराच चढा आहे. समजा एखाद्या घराचा महिन्याचा वापर ९० युनिट आहे. त्यात १० वॅटचा सर्व्हर घातला तर महिन्याला सुमारे ७ युनिट वाढतात आणि घर १०० युनिटांच्या आतच राहते. ६० वॅटचा डेस्कटॉप घातला तर ४३ युनिट वाढतात, वापर १३३ वर जातो आणि त्यातील ३३ युनिटांना वरचा दर लागतो. म्हणजे विजेचा वापर काटकसरीने करणाऱ्या कुटुंबालाच चुकीच्या यंत्राची झळ अधिक बसते. छतावर सौर पॅनेल असलेल्या घरांनाही हा हिशेब सुटत नाही, कारण सर्व्हर रात्रीही चालतो आणि त्याने खाल्लेले युनिट बिलातील जमेतून वजा होतात.

यंत्र किती वॅट घेते हे मोजण्यासाठी प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर मिळतो. तो नसेल तर घराच्या मीटरवरूनही अंदाज येतो. मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून फक्त तो संगणक चालू ठेवावा आणि दोन लुकलुकींमधील सेकंद मोजावेत. ३२०० आकड्याच्या मीटरसाठी ११२५ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात: १९ सेकंद लागले तर भार ६० वॅटच्या आसपास आहे. अगदी कमी भारावर ही पद्धत ढोबळ ठरते, पण डेस्कटॉप आणि मिनी पीसी यांतील फरक तिने स्वच्छ दिसतो.

उपलब्ध पर्याय

घरात पडून असलेला जुना टॉवर डेस्कटॉप हा पहिला मोह असतो. त्यात यूईएफआय असेल तर तो प्रयोगासाठी उत्तम आहे. होम असिस्टंट आपल्याला जमेल का, घरच्यांना रुचेल का, हे महिनाभर त्यावर पाहावे. कायमच्या वापरासाठी मात्र मी त्याची शिफारस करणार नाही. कोअर २ ड्युओच्या काळातील यंत्रे काही न करताही अनेकदा ४० ते ७० वॅट घेतात, त्यांचे पॉवर सप्लाय जुने झालेले असतात आणि पंख्यांमध्ये वर्षानुवर्षांची धूळ साचलेली असते.

जुना लॅपटॉप तुलनेने चांगला. पडदा बंद ठेवल्यावर तो बहुधा १० ते १५ वॅटवर चालतो आणि त्याच्या बॅटरीमुळे थोड्या वेळाचा वीजखंड आपोआप भरून निघतो. पडदा फुटलेला किंवा कीबोर्ड बिघडलेला लॅपटॉप यासाठी अगदी स्वस्तात मिळू शकतो. धोका आहे तो त्याच बॅटरीचा. कायम चार्जरला जोडलेली जुनी लिथियम बॅटरी, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, फुगू शकते. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बायोसमध्ये असेल तर ती वापरावी. बॅटरी फुगल्याची किंचितही शंका आली, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर बॅटरी त्वरित काढून टाकावी. शिवाय बॅटरी पूर्ण संपून लॅपटॉप बंद पडला, तर वीज आल्यावर तो स्वतःहून सुरू होईलच असे नाही. ही सोय काही व्यावसायिक मालिकांतील लॅपटॉपांमध्येच असते.

रास्पबेरी पाय हे नाव या विषयात सर्वांत आधी कानावर येते, आणि ते योग्यही आहे. २०१९ मध्ये आलेला पाय ४ आणि २०२३ मध्ये आलेला पाय ५ हे दोन्ही या कामाला पुरेसे आहेत. रिकाम्या वेळी ते तीन-चार वॅटच्या घरात राहतात, आणि वीज मिळताच आपोआप सुरू होतात. पण नुसत्या बोर्डाच्या किमतीवर निर्णय घेऊ नये. त्याला योग्य अ‍ॅडाप्टर, पेटी, थंड ठेवण्याची व्यवस्था आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) जोडण्याचे साहित्य लागते. मोबाइलचा चार्जर लावून काम भागवण्याचा प्रयत्न करू नये. पाय ४साठी ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि पाय ५साठी ५ व्होल्ट ५ अँपिअर क्षमतेचा अ‍ॅडाप्टर सुचवलेला आहे, आणि व्होल्टेज कमी पडले की बोर्ड मंदावतो, यूएसबी उपकरणे तुटतात आणि दोष कुठे आहे ते दिवसेंदिवस सापडत नाही. त्यातच २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढल्यामुळे अशा बोर्डांचा पूर्वीचा स्वस्तपणा उरलेला नाही. आधीपासून घरात पाय ४ असेल, तर तोच वापरावा. नव्याने सगळा संच विकत घेण्यापूर्वी मात्र पुढचा पर्याय पाहावा.

तो पर्याय म्हणजे कार्यालयांतून निघालेला मिनी पीसी. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी आणि लेनोवोचे थिंकसेंटर टायनी ही यंत्रे साधारण जाडजूड पुस्तकाएवढी असतात. त्यांतील टी अक्षराने संपणारे प्रोसेसर, जसे आय५-६५००टी किंवा आय५-७५००टी, ३५ वॅटच्या मर्यादेत राहण्यासाठी बनवलेले आहेत आणि स्वस्थ असताना संपूर्ण यंत्र बहुधा १० वॅटच्या आसपास वीज घेते. अशी यंत्रे आता मोठ्या प्रमाणावर बाजारात येण्याला एक नेमके कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११साठी इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर अधिकृतपणे लागतात. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे कार्यालयांना बदलावी लागत आहेत. होम असिस्टंट लिनक्सवर चालत असल्यामुळे ती अट आपल्याला लागू होत नाही. शिवाय मेमरी, पेटी आणि अ‍ॅडाप्टर हे सर्व एकाच किमतीत येते. कमी खर्चात सर्व्हर करू पाहणाऱ्याला मी आज हाच पर्याय सुचवेन.

नवेच यंत्र हवे असेल, हमी हवी असेल किंवा आवाज अजिबात नको असेल, तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी पाहावा. २०२३च्या सुरुवातीला आलेला हा प्रोसेसर चार कोअरचा असून त्याची मर्यादा ६ वॅटची आहे. त्यातील बरीच यंत्रे १२ व्होल्टवर चालतात आणि ही गोष्ट वीज जाण्याच्या संदर्भात फार उपयोगाची आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊ. अनोळखी नावाचे यंत्र घेताना बायोसमध्ये आपोआप सुरू होण्याची सोय आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.

वापरलेला मिनी पीसी दुकानात तपासताना

सांगली, मिरज, सातारा किंवा कराडच्या दुकानात अशी यंत्रे नसतील तर दुकानदार ती पुण्याहून किंवा मुंबईहून मागवून देतात. ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त पैसे पडले तरी समोर बसून तपासता येणारे यंत्र घ्यावे, असे मी म्हणेन. तपासणीला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण ती घाईने उरकू नये.

सर्वांत आधी बायोसमध्ये जाऊन पाहावे. कार्यालयातून आलेल्या यंत्रांना कधीकधी बायोसचा पासवर्ड लावलेला असतो आणि तो दुकानदारालाही माहीत नसतो. त्या पासवर्डाशिवाय बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदलता येत नाही आणि काही मालिकांत तो काढणे अतिशय कठीण असते, म्हणून असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. पासवर्ड नसेल तर वीज परतल्यावर काय करायचे ती सेटिंग शोधावी. डेलमध्ये तिचे नाव एसी रिकव्हरी असे असते, एचपी आणि लेनोवोमध्ये आफ्टर पॉवर लॉस. ती पॉवर ऑनवर ठेवून जतन करावी, यंत्र चालू असताना अ‍ॅडाप्टरचा प्लग काढावा, अर्धा मिनिट थांबून परत लावावा आणि बटण न दाबता यंत्र सुरू होते का ते पाहावे. ही चाचणी उत्तीर्ण न होणारे यंत्र आपल्या कामाचे नाही.

यंत्र सुरू झाल्यावर तारीख आणि वेळ तपासावी. ती काही वर्षे मागे गेलेली असेल तर आतील सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपलेला आहे. सेल संपलेला असला की वीज गेल्यावर बायोसची सेटिंग पुसली जाऊ शकते, आणि मग आपोआप सुरू होण्याची सोय नेमकी हवी तेव्हाच नाहीशी होते. सेल अगदी स्वस्त असतो. यंत्र घेताना तो नवीनच घालून घ्यावा.

अ‍ॅडाप्टर मूळ कंपनीचा आहे का ते पाहावे. डेलची यंत्रे अ‍ॅडाप्टर ओळखतात आणि तो ओळखता आला नाही तर सुरू होताना सूचना दाखवतात व प्रोसेसरचा वेग कमी करतात. पुढच्या आणि मागच्या सर्व यूएसबी जागांत पेनड्राइव्ह लावून पाहावा, नेटवर्कची केबल जोडून दिवा लागतो का ते बघावे आणि पंख्याचा आवाज कानाजवळ नेऊन ऐकावा. घरघर येत असेल तर पंखा बदलून मागावा. वायफाय कार्ड नसले तरी बिघडत नाही, कारण सर्व्हर राउटरला केबलनेच जोडलेला असावा.

साठवण: येथे काटकसर नको

होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरचे प्रत्येक बदललेले मूल्य आपल्या डेटाबेसमध्ये लिहीत राहते आणि ठरवून न दिल्यास १० दिवसांची तपशीलवार नोंद ठेवते. म्हणजे दर काही सेकंदांनी डिस्कवर लेखन होत असते. साधे मेमरी कार्ड असल्या सततच्या लेखनासाठी बनवलेले नसते. त्यात मध्येच वीज गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाऊन संपूर्ण प्रणाली सुरू न होण्याचा प्रसंग येतो. म्हणून रास्पबेरी पाय वापरला तरी प्रणाली एसएसडीवर ठेवावी. पाय ४ यूएसबीवरून सुरू होऊ शकतो आणि पाय ५ला वेगळा बोर्ड जोडून एनव्हीएमई एसएसडी लावता येते.

मिनी पीसीसोबत आलेली एसएसडी वापरायची तर तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, दाखवणारा प्रोग्रॅम चालवून शिल्लक आयुष्याची टक्केवारी आणि एकूण चाललेले तास पाहावेत. माझा सल्ला विचाराल तर, परिचित कंपनीची नवीन १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी घालावी आणि जुनी बॅकअपसाठी ठेवावी. जागेची गरज म्हणून नव्हे, तर लेखन सहन करण्याची क्षमता मोठ्या एसएसडीत जास्त असते म्हणून. ज्या सेन्सरांच्या नोंदी कधीच पाहिल्या जात नाहीत त्या नोंदणीतून वगळल्या, तर एसएसडीचे आयुष्य आणखी वाढते.

वीज, इन्व्हर्टर आणि वळीव

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, वारा सुटतो, फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते, येते, पुन्हा जाते. सर्व्हरची खरी परीक्षा याच वेळी असते. घरात इन्व्हर्टर असेल तर सर्व्हर, राउटर आणि फायबरची पेटी ही तिन्ही त्याच्या लाइनवर घ्यावीत. तिघांचा मिळून भार ३० वॅटच्या आसपास राहिला, तर १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील १८०० वॅट-तासांपैकी निम्मेच हाती लागले असे धरले तरी रात्र सहज निघते. ६० वॅटच्या डेस्कटॉपचा तोटा येथेही दिसतो, कारण तो पंखे आणि दिव्यांच्या वाट्याची वीज खातो. अनेक इन्व्हर्टरांवर यूपीएस असा एक वेगळा मोड असतो. त्यात वीज गेल्यावर बॅटरीवर जाण्याचा काळ कमी असतो, म्हणून संगणक जोडलेला असताना तोच मोड निवडावा.

इन्व्हर्टर नसेल तर केवळ सर्व्हरसाठी मोठा यूपीएस घेण्याची गरज नाही. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस १२ व्होल्टच्या एन१०० यंत्रालाही चालू शकतो, मात्र यंत्राच्या अ‍ॅडाप्टरवर लिहिलेले अँपिअर त्या यूपीएसच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावेत आणि पिनचा आकार व ध्रुव जुळला पाहिजे. ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क व थिंकसेंटर ही यंत्रे १९ ते २० व्होल्टवर चालतात, त्यामुळे त्यांना हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी साधा ६०० व्हीएचा संगणकाचा यूपीएस घ्यावा.

सर्ज प्रोटेक्टर लावताना अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण अर्थिंग नसेल तर त्याचा संरक्षणाचा मोठा भाग निकामी होतो. बाहेरच्या भिंतीवरील कॅमेऱ्याची लांब केबल थेट सर्व्हरजवळच्या स्विचमध्ये आणली, तर आकाशातील विजेचा झटका तिच्यातूनही आत येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

जागेची निवड हा सांगलीत निराळाच विषय आहे. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका मानला जातो, आणि २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांनी शहराचे कोणते भाग पाण्याखाली जातात ते सर्वांना दाखवून दिले आहे. अशा भागात सर्व्हर तळमजल्यावर ठेवूच नये. बॅकअपही केवळ त्याच यंत्रावर न ठेवता घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकांच्या घरी ठेवावा आणि बॅकअप उघडण्याची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, कागदावर लिहून निराळी जपावी. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला पुराऐवजी ओलाव्याची चिंता असते. तेथे यंत्र बंद कपाटात किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये.

झिग्बीचा डोंगल

बॅटरीवर चालणारे दार, हालचाल किंवा तापमानाचे सेन्सर घ्यायचे तर झिग्बी या बिनतारी संदेशपद्धतीचे घ्यावेत, कारण ते वायफाय सेन्सरांपेक्षा कितीतरी कमी वीज वापरतात. त्यांच्यासाठी सर्व्हरला यूएसबी डोंगल, म्हणजे त्यांचे संदेश पकडणारे पेनड्राइव्हसारखे छोटे उपकरण, लागतो. झिग्बी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, आणि यूएसबी ३ ची जागा व तिला जोडलेली एसएसडी याच पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात. म्हणून डोंगल यूएसबी २ च्या जागेत, तोही मीटरभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने यंत्रापासून दूर लावावा. सेन्सर वारंवार तुटतात अशी तक्रार असेल तर नवा डोंगल घेण्याआधी ही केबल लावून पाहावी.

वाई किंवा साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींतून झिग्बीचा संदेश सहज जात नाही. अशा वेळी वीजेवर चालणारे झिग्बी प्लग मध्ये लावावेत, कारण ते संदेश पुढे पोहोचवण्याचे काम करतात. मात्र असा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल तर वीज जाताच तो बंद पडतो आणि त्याच्यामागचे सेन्सर चालू असूनही सर्व्हरला दिसेनासे होतात. संदेश पुढे नेणारा निदान एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा.

कॅमेरे आणि मराठीतून आज्ञा

कॅमेऱ्याचे चित्र साठवणे हे वरील सगळ्यापेक्षा वेगळ्या वजनाचे काम आहे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला, तर दिवसाला ४३ जीबी जागा लागते. घरात डीव्हीआर असेल तर चित्रण त्यालाच करू द्यावे आणि होम असिस्टंटमध्ये केवळ चित्र पाहावे. माणूस आणि कुत्रा यांतला फरक ओळखण्यासाठी फ्रिगेट हा कॅमेऱ्याच्या चित्रातील वस्तू ओळखणारा प्रोग्रॅम चालवायचा असेल तर इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेले यंत्रच घ्यावे. सहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर किंवा एन१०० दोन-तीन कॅमेऱ्यांसाठी पुरतात.

मराठीतून बोलून दिवे लावणे ही माझ्याही मनाजवळची अपेक्षा आहे. व्हिस्पर या बोलणे ओळखणाऱ्या प्रणालीत मराठीचा समावेश आहे, पण तिची छोटी मॉडेल्स मराठीत बऱ्याच चुका करतात आणि मोठ्या मॉडेल्सना ग्राफिक्स कार्ड असलेले, जास्त वीज घेणारे यंत्र लागते. केवळ यासाठी आज महाग यंत्र घेऊ नये.

मोटर जोडण्यापूर्वी

यंत्र घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला फक्त दिवे आणि सेन्सर जोडावेत. या काळात मुद्दाम मुख्य स्विच बंद-चालू करून सर्व्हर, राउटर आणि डोंगल कोणाच्याही मदतीशिवाय परत कामाला लागतात का ते पाहावे, आणि एकदा बॅकअपवरून प्रणाली पुन्हा उभी करून बघावी. त्यानंतरच पाण्याच्या मोटरीकडे वळावे. १ एचपीची मोटर चालताना ७४६ वॅट यांत्रिक शक्ती देते, पण सुरू होताना ती कित्येक पट जास्त प्रवाह खेचते. त्यामुळे स्मार्ट स्विच थेट मोटरीला न लावता त्याने कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह पेलणारा, विजेने चालणारा स्विच) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. टाकीतला फ्लोट स्विच आणि स्टार्टरमधील ओव्हरलोड संरक्षण काढू नये. सर्व्हर बंद असतानाही टाकी भरल्यावर मोटर थांबली पाहिजे, अशीच जोडणी वायरमनला सांगावी.